लिएपायाची कारोस्ता वॉकिंग टूर : मधल्या वीस वर्षांसाठी तरी कराच

रेटिंग आधीच सांगून टाकतो, पाचपैकी साडेचार. अर्धा का कापला ते पुढे येईलच, पण तेवढ्यासाठी कोणी जायचं थांबू नये. लिएपाया हे लाटवियातलं बाल्टिक समुद्रावरचं बंदराचं गाव, आणि कारोस्ता म्हणजे तिथला नौदलाचा जुना तळ. लाटवियात कोणाचं पोरगं शिकायला असेल, कोणाचं जहाज तिकडे लागणार असेल, तर एक आख्खा दिवस काढा आणि जा.

मी एकतीस वर्षं मर्चंट नेव्हीत इंजिन साइडला काढली, आता रिटायर होऊन देवगडला असतो. भाची लाटवियाच्या राजधानीत, रीगात शिकते, तिच्याकडे सप्टेंबरच्या शेवटी पंधरा दिवस गेलो होतो. तिने आधी एका कंपनीची कारोस्ता टूर बुक केली होती, कंपनीचं नाव लिहीत नाही. बसमधून नेलं, तुरुंग दाखवला, चर्चसमोर फोटो काढायला वीस मिनिटं दिली, झारने हे बांधलं आणि नंतर रशियन पाणबुड्या इथे असायच्या एवढं सांगून परत आणून सोडलं. मी विचारलं की मधे वीस वर्षं हा देश स्वतंत्र होता ना, तेव्हा इथे कोण होतं? तर तो मुलगा म्हणाला, तेव्हा विशेष काही नव्हतं. मला ते पटलंच नाही. बंदर आहे, धक्के आहेत, वर्कशॉप आहे, आणि वीस वर्षं काही नव्हतं असं कसं होईल? बंदर रिकामं राहत नसतं.

मग भाचीच्या घरमालकिणीने एका बाईंचा नंबर दिला. रिटायर्ड शाळाशिक्षिका, लिएपायातच राहतात, ठरवून सांगितलं तर चार-पाच जणांना घेऊन फिरवतात. इंग्लिश सावकाश बोलतात पण स्वच्छ. त्यांना फोनवर मी एवढंच सांगितलं की मला झारचं नको, सोविएतचं नको, १९१८ ते १९४० एवढंच सांगा. पलीकडे दोन सेकंद शांतता, आणि मग म्हणाल्या, या, जाड जॅकेट घेऊन या.

रीगाहून बसने साधारण साडेतीन तास लागतात. बस स्टँड सेंट्रल मार्केटला लागूनच आहे, वेळ असेल तर मार्केटमध्ये एक चक्कर मारा, मासळीचा विभाग बघण्यासारखा आहे. मार्केटचे ते पाच मोठ्ठे गोल छपराचे हॉल जर्मनांच्या झेपेलिन हवाई जहाजांच्या हँगरचे भाग वापरून बांधलेत, लिएपायाकडच्याच व्हायन्योडे गावाहून आणलेले, आणि १९३० मध्ये त्यात बाजार सुरू झाला. म्हणजे दुसऱ्याच्या लढाईचं सामान उरलं होतं ते या लोकांनी बटाटे आणि मासे विकायला वापरलं. त्यांच्या नौदलाची सुरुवातही अशीच झाली, ते पुढे सांगतो.

बाई आम्हाला कालपाक्स पुलापाशी भेटल्या. हा १९०६ चा लोखंडी पूल, कॅनॉलवर आहे आणि अजून चालू आहे, जहाज यायचं असेल तर दोन्ही अर्धे भाग आडवे फिरून बाजूला होतात. मी तर अर्धा तास तिथेच उभा राहिलो असतो. नाव दिलंय कर्नल ऑस्कार्स कालपाक्सचं, लाटवियाच्या पहिल्या बटालियनचा कमांडर, मार्च १९१९ मध्ये मारला गेला. आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये काय झालं, तर जर्मनांनी लिएपायात सरकार उलथवलं आणि पंतप्रधान उल्मानिस आणि त्यांची माणसं 'साराटोव्ह' नावाच्या जहाजावर जाऊन बसली, ब्रिटिश नौदलाच्या संरक्षणात. दोनेक महिने या देशाचं सरकार म्हणजे लिएपायात उभं असलेलं एक जहाज! मी बाईंना म्हटलं, बाई, हे तर पहिल्या टूरवाल्याने सांगितलंच नाही. त्या नुसत्या हसल्या आणि पिशवीतून प्लास्टिकची फाइल काढली.

ती फाइल म्हणजेच ही टूर. जुन्या फोटोंच्या झेरॉक्स, प्रत्येक पान वेगळ्या प्लास्टिक कव्हरमध्ये, वर आकड्यांची छोटी चिठ्ठी. पाऊस भुरभुरत होता तर प्रत्येक वेळी दाखवायच्या आधी कोटाच्या बाहीने कव्हर पुसायच्या, मग आपल्याकडे वळवायच्या. चार तासात शंभरदा तरी पुसलं असेल.

पहिला फोटो 'व्हिरसाइटिस'चा. ही मुळात जर्मन माइनस्वीपर, म्हणजे समुद्रातले सुरुंग काढणारी बोट, १९१७ मध्ये सुरुंगावर जाऊन बुडाली, लाटवियाने १९२१ मध्ये वर काढली, दुरुस्त केली, आणि तीच त्यांच्या नौदलाची फ्लॅगशिप, म्हणजे प्रमुख नौका, झाली. व्हिरसाइटिस म्हणजे सरदार, टोळीचा म्होरक्या. समुद्राच्या तळातून काढलेल्या बोटीला म्होरक्या म्हणायचं, याला छाती लागते. मी सॅल्व्हेज झालेल्या जहाजावर एकदा काम केलंय, खारं पाणी बसलेल्या पाइपलाइनी, गंजलेले व्हॉल्व्ह, एकेक पंप खोलून साफ करून परत बसवायचा, महिनेच्या महिने जातात. त्या बोटीच्या इंजिन रूममध्ये १९२१ साली कोण कोण राबलं असेल त्यांची नावं कुठल्या फाइलीत नसतील, पण मला तिथे उभं राहून त्यांचीच आठवण आली.

मग फ्रान्सहून आलेल्या बोटी. १९२० च्या दशकात लाटवियाने फ्रेंच यार्डांकडून दोन माइनस्वीपर घेतल्या, 'व्हिएस्तुर्स' आणि 'इमांता', आणि दोन पाणबुड्या, 'रोनिस' आणि 'स्पीडोला'. रोनिस नांतला बांधली, स्पीडोला ल आव्हरला. रोनिस म्हणजे सील मासा म्हणतो ना आपण तो प्राणी, आणि स्पीडोला ही त्यांच्या महाकाव्यातली चेटकीण, जी शेवटी चांगल्यांच्या बाजूला येते. पाणबुड्या साधारण पंचावन्न मीटर लांब, पाण्यावर ३९० टन, सहा टॉर्पेडो ट्यूब, वर चौदा नॉट्स. आजच्या हिशोबाने लहान. पण मी विशाखापट्टणमला किनाऱ्यावर ठेवलेली कुरसुरा पाणबुडी आतून बघितलीय, ती यांच्यापेक्षा कितीतरी मोठी आहे आणि तरीही आत शिरल्यावर छातीवर दडपण येतं. याच्या निम्म्याहून कमी जागेत बाल्टिकच्या थंडीत डिझेलच्या वासात दिवस काढणाऱ्या पोरांबद्दल बोलताना बाईंचा आवाज जरा बदलला. त्यांच्या घरातलं कोणी होतं का हे मी विचारलं नाही, त्याही बोलल्या नाहीत.

थोडा अंदाज यावा म्हणून सांगतो. शेजारच्या लिथुआनियाकडे तेव्हा एकच युद्धनौका होती, तीही जुनी जर्मन माइनस्वीपर. एस्टोनियाने पाणबुड्या घेतल्या त्या १९३६ नंतर, ब्रिटनमध्ये बांधून, त्यातली 'लेंबिट' अजून टॅलिनच्या म्युझियममध्ये उभी आहे, आत जाता येतं. लाटवियाच्या दोन्ही पाणबुड्या १९२७ पासून सेवेत होत्या. जेमतेम वीस लाख वस्तीचा देश. आणि आपल्याकडे तेव्हा रॉयल इंडियन नेव्ही हे नावसुद्धा १९३४ मध्ये मिळालं, वर अधिकारी गोरे.

आता ज्या माणसासाठी मी हे सगळं लिहायला बसलो तो. पुलावरून पुढे कॅनॉलच्या कडेने चालत असताना बाईंनी दोन फोटो एकदम काढले. पहिला ॲडमिरल आर्खिबाल्ड कैझरलिंग, जर्मन सरदार घराण्यातला काउंट, झारच्या नौदलात वाढलेला, १९२४ पासून १९३१ पर्यंत लाटवियन नौदलाचा प्रमुख. पाणबुड्या आल्या त्या याच्याच काळात. दुसरा ॲडमिरल तेओडोर्स स्पाडे, जन्म १८९१, हाही झारच्या नौदलात शिकलेला पण घरचा लाटवियन, १९३१ पासून शेवटपर्यंत प्रमुख. शेवटपर्यंत म्हणजे १९४० पर्यंत.

दोघांचे फोटो शेजारी धरून बाई म्हणाल्या, बघा, एकाच शाळेचे दोन विद्यार्थी. मी आयुष्यात बरेच कॅप्टन बघितलेत आणि चेहऱ्यावरून माणूस ओळखता येतो असं मी म्हणणार नाही, पण स्पाडेच्या फोटोत एक गोष्ट मला दिसली ती म्हणजे त्याची टोपी अगदी सरळ आहे. फोटोसाठी म्हणून नाही, रोज तशीच घालत असावा अशी.

याचं काम काय होतं ते समजून घ्या. एक माइनस्वीपर तळातून काढलेली, दोन फ्रान्सच्या, दोन पाणबुड्या, बाकी लहानसहान. पलीकडे सोविएत बाल्टिक फ्लीट, अलीकडे जर्मनी. लढाई झाली तर काय होणार हे कुठल्याही कॅडेटला कळेल. तरी दर वर्षी बर्फ फुटलं की बोटी बाहेर काढायच्या, पाणबुड्या पाण्याखाली नेऊन सराव करायचा, बॅटऱ्या बघायच्या, पोरांना शिकवायचं. पहिल्या महायुद्धात तिथे समुद्रात सुरुंग पेरून ठेवलेले, ते काढायचं कामही याच बोटींचं. म्हणजे कोळ्यांची होडी सुखरूप घरी यावी हे यांच्या नौदलाचं रोजचं काम होतं. ज्याच्या घरात कोणी मासेमारीला जातं त्याला हे काम किती मोठं आहे ते वेगळं सांगायला नको.

मग ऑक्टोबर १९३९. सोविएत युनियनने करार लादला आणि लिएपाया आणि व्हेंट्सपिल्समध्ये त्यांचे तळ आले. याच कारोस्तात, याच धक्क्यांवर. बाई एका जुन्या धक्क्यापाशी थांबल्या आणि म्हणाल्या, विचार करा, तुमच्या घरात पाहुणा आलाय आणि त्याच्याकडे तुमच्यापेक्षा जास्त बंदुका आहेत. त्याच सुमाराला तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या बाल्टिक जर्मन लोकांना हिटलरने बोलावून घेतलं, हजारो कुटुंबं जहाजात बसून गेली. कैझरलिंगही जर्मनीत गेला आणि १९५१ मध्ये तिकडेच वारला. मी त्याला नावं ठेवत नाही, बाईंनीही ठेवली नाहीत.

१७ जून १९४० ला रशियन रणगाडे रीगात आले. संध्याकाळी उल्मानिसचं रेडिओवर भाषण झालं, त्यातलं एक वाक्य लाटवियात सगळ्यांना पाठ आहे, बाईंनी आधी लाटवियनमध्ये म्हटलं आणि मग इंग्लिशमध्ये : मी माझ्या जागी राहीन, तुम्ही तुमच्या जागी राहा. प्रतिकार करायचा नाही हा त्याचा अर्थ. स्पाडे आपल्या जागी राहिला. ऑगस्टमध्ये देशच सोविएत युनियनमध्ये घातला आणि बोटींवर दुसरा झेंडा चढला.

हे ऐकताना मी गप्प झालो आणि भाचीने विचारलं, मामा, काय झालं. मी एकदा एक जहाज अलंगला तोडायला नेलंय. सात वर्षं त्याच जहाजावर येऊन-जाऊन होतो, प्रत्येक बेअरिंगचा आवाज ओळखीचा, आणि शेवटच्या भरतीला फुल अहेड देऊन किनाऱ्यावर चढवलं, इंजिन बंद केलं आणि कागदावर सही करून उतरलो. ते तर कायदेशीर होतं, मालकाने विकलं होतं, पगार मिळाला होता, तरी मला दोन महिने नीट झोप नव्हती. या माणसाने तर नऊ वर्षं सांभाळलेलं आख्खं नौदल, चालू स्थितीत, पेंट केलेलं, टाक्या भरलेल्या, एकही गोळी न झाडता दुसऱ्याच्या हातात दिलं. आणि हँडिंग ओव्हर कोणाला, तर जो घरात घुसलाय त्याला.

पुढच्या वर्षी, १९४१ मध्ये, स्पाडेला अटक झाली. त्याच वर्षी १४ जूनला एका रात्रीत पंधरा हजारांवर माणसं लाटवियातून उचलून मालगाड्यांनी सायबेरियाकडे नेली, बायका-मुलंसुद्धा. लिटेनेच्या कॅम्पवरून लष्करातले शेकडो अधिकारी सरावाला जातोय असं सांगून नेले आणि नोरिल्स्कला पाठवले. उल्मानिस १९४२ मध्ये कॅस्पियनकाठच्या क्रास्नोव्होद्स्कच्या तुरुंगात मेला. आणि स्पाडे जगला. कॅम्प, मग कझाकस्तान, आणि १९७० मध्ये तिकडेच वारला. एकोणऐंशी वर्षांचा होऊन. नकाशात बघा, कझाकस्तानचा तो भाग म्हणजे कुठल्याही समुद्रापासून किती लांब. बाईंनी इथे काही टिप्पणी केली नाही, नुसता नकाशाचा कागद पुढे केला, त्यावर पेन्सिलने एक रेघ होती, लिएपायापासून निघालेली. रेघ पुसट झाली होती, बोट फिरवून फिरवून.

चर्चबद्दल लिहायला हवं कारण सगळे त्यासाठीच जातात. सेंट निकोलसचं नौदलाचं ऑर्थोडॉक्स कॅथेड्रल, १९०३ मधलं, सोनेरी घुमट, आजूबाजूला सोविएत काळातल्या पडक्या पाच मजली बिल्डिंगी. आत एकही खांब नाही, सगळा भार चार कमानींवर तोललाय, इंजिनिअरिंग म्हणून बघितलं तरी वरून नजर हटत नाही. सोविएत काळात इथे क्लब आणि जिम होतं. आत जाताना बायकांनी डोकं झाकायचं, भाचीने ओढणी नेली होती. तुरुंगात आम्ही परत गेलो नाही, रात्रभर कैदी बनवून ठेवण्याचा कार्यक्रम असतो तिथे, ज्यांना आवडतं त्यांनी करा, ज्या गावात इतकी माणसं खरीच पकडून नेली तिथे मला ते नकोसं वाटलं.

शेवट लांबच्या उत्तरेकडच्या ब्रेकवॉटरवर, म्हणजे लाटा अडवणाऱ्या बांधावर. जवळपास दीड-दोन किलोमीटर समुद्रात गेलेला, कठडा नाही, दगड ओले, आणि वारा असा की बोलणंच ऐकू येत नाही. लिएपायाला ते वारा जिथे जन्मतो ते गाव म्हणतात, आमच्या देवगडला पावसाळ्यात तोंड देणाऱ्याला सवय असते, पण तिथला वारा गार आहे आणि थांबत नाही. बाई फार पुढे नेत नाहीत, सुरुवातीलाच आडोशाला उभं करतात आणि पाणबुड्यांचं काय झालं ते तिथे सांगतात. जून १९४१ मध्ये जर्मन लिएपायाच्या वेशीवर आले तेव्हा रोनिस आणि स्पीडोला दोन्ही इथल्या यार्डात दुरुस्तीला होत्या, निघू शकत नव्हत्या, म्हणून सोविएत नौदलाने त्या स्वतःच उडवून बुडवल्या, २३-२४ जूनच्या रात्री. २३ जून म्हणजे लाटवियन लोकांची सगळ्यात मोठी रात्र, डोंगरावर, किनाऱ्यावर शेकोट्या पेटवतात, गाणी म्हणतात. त्या रात्री लिएपायात दुसरीच आग होती. व्हिरसाइटिस त्याच डिसेंबरात फिनलंडच्या हांकोजवळ परत एकदा सुरुंगावर गेली. सुरुंगानेच बुडालेली, वर काढलेली, वीस वर्षं चालवलेली, आणि परत सुरुंगानेच.

जेवणाचं सांगतो. टूरमध्ये जेवण नाही, पण संपल्यावर गावात येऊन 'लिएपायास मेन्सिन्यि' मागा. धुरावलेला कॉड, बटाटे, कांदा, साय, मातीच्या भांड्यात भाजून आणतात, वर शेपूसारखा डिल. आपल्याला तिखट लागणार नाही पण धुरावलेल्या माशाचा वास सुक्या म्हावऱ्याच्या घरचाच वाटतो. गाजर-बटाट्याची राईची गोल वडीही मिळते, स्कांद्राउसिस की स्कलांद्राउसिस, भाची म्हणते दुसरं बरोबर. आमच्या बाईंनी आमच्यासोबत जेवायला नकार दिला, फक्त कॉफी घेतली, आणि ती फाइल टेबलवर उघडून पानं वाळत ठेवली.

अर्धा स्टार कशाला कापला ते आता. चार तास एकदाही बसायला मिळत नाही, गाडी नाही, टॉयलेट वाटेत एकाच ठिकाणी, गुडघे दुखत असतील तर आधी सांगून ठेवा म्हणजे त्या ब्रेकवॉटर वगळतात. फोटो छोटे आहेत, चौघांच्या वर माणसं असली तर मागच्याला दिसत नाही. बूट पाणी न शिरणारे घाला, छत्री नेऊ नका, उलटी होते. लहान मुलं कंटाळतील. पैसे त्यांनी जे मागितले ते आम्हाला कमी वाटले, आम्ही वर दिले तर घेईनात, शेवटी भाचीने फाइलसाठी नवीन प्लास्टिक कव्हरं घेऊन देते म्हटल्यावर तेवढं घेतलं.

रीगात परत आलात की पावडर टॉवरमधलं वॉर म्युझियम बघा, आणि डोम चर्चजवळचं रीगाच्या इतिहासाचं आणि नौकानयनाचं म्युझियम, १७७३ पासूनचं आहे, जहाजांची मॉडेल्स आहेत. पण आधी लिएपाया करा आणि मग म्युझियम, उलटं नको. आधी माणसं कळली की मग काचेमागच्या वस्तू बोलायला लागतात, मला तरी तसं झालं.

परतीच्या बसला वेळ होता म्हणून आम्ही कॅनॉलकडे परत गेलो. लाटवियाचं आजचं नौदल लिएपायातच असतं, एक करडी माइनहंटर, सुरुंग शोधणारी बोट, धक्क्याला लागली होती, डेकवर एक पोरगा दोर गुंडाळत होता, अगदी नीट, प्रत्येक वेढा सारखा. भाचीने पुढे जाऊन नाव वाचलं आणि वळून मला ओरडून सांगितलं, वाऱ्यात पहिल्यांदा कळलंच नाही, मग परत ओरडली : मामा, इमांता!